बुजवलेली कोपी

पौषात पाऊस पडायचं काही कारण नव्हतं. तरी पडला. दुपारपासून झोडपत होता, आणि शेवंताबाई कोपीत उकिडवी बसून एकेक भोक शोधत होती.

कोपी म्हणजे चार मेढी आणि वर उसाचं पाचट. गडहिंग्लजकडून ऊस तोडायला आलेल्या माणसांना गुऱ्हाळमालक गणपतरावानं गुऱ्हाळामागची खोलगट जागा दिली होती. उंचावरची कोरडी जागा बैलांना लागायची. याच कोपीत तिची सून यल्लव्वा बाळंत झाली. पोरगी. आज पाचवा दिवस.

सकाळी आभाळ भरलं तशी म्हातारी गुऱ्हाळावर गेली होती. तिथं पत्र्याचं छप्पर, काहिलीखालचं चुलवाण पेटलेलं, भुई तव्यासारखी ऊन. "मालक, सुनंला एका कोपऱ्यात पडू द्या. पाऊस सरला की नेते."

गणपतराव काहिलीत उकळणाऱ्या रसाकडं बघत म्हणाला, "बाळंतीण, आणि रसाजवळ? डोकं फिरलंय व्हय तुझं? गूळ धरायचा न्हाय."

"तुमची आईबी बाळंतीणच झाली की."

"ती माझ्या गुऱ्हाळात न्हाय झाली."

बसलेली माणसं हसली. विटाळ बाळंतपणाचा की जातीचा, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. कोपीतल्या माणसांनी तोडलेला ऊस त्याच्या घाण्यात जात होता, त्यांच्या घामानं त्याचा रस नासत नव्हता. विस्तव मात्र पाहिजे तेवढा न्या म्हणाला. विस्तवाला विटाळ नसतो.

मग ती ईर्ष्येला पेटली. खताची प्लास्टिकची पोती उसवून दाभणानं जोडली, छपरावर घातली, कुडाला गुंडाळली. फटीत शेण आणि चिखल थापला. दाराला दुहेरी पोतं सोडलं. मुंगी शिरणार नाही अशी कोपी बुजवली. सुनेला कळकाच्या माच्यावर निजवलं. लेक आकाराम चुलवाणातनं बाभळीच्या खोडाचे निखारे घमेलंभर घेऊन आला, ते तिनं माच्याखाली सारले. बाळंतिणीला खालून शेक पाहिजेच. तिच्या आईनं तिला दिला होता, तिनं लेकींना दिला. फरक एवढाच, की त्या घरांना कौलं होती आणि कौलांना फटी होत्या. हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दिवेलागणीला कोपी आतनं उबदार झाली. एक थेंब गळत नव्हता. म्हातारीला बरं वाटलं.

"आत्ती, डोस्कं फुटतंय," यल्लव्वा म्हणाली.

"थंडी शिरलीया. गप पड."

थोड्या वेळानं यल्लव्वा ओकली. म्हातारीचंही डोकं ठणकत होतं. तिनं जुनं घमेलं काढलं, चिखल तुडवत चुलवाणाशी गेली, नवे निखारे घेऊन आली. वाटेत पावसानं भिजली, पण डोकं हलकं झालं. आत आली, निखारे सारले, पोतं घट्ट लावलं. पुन्हा ठणका सुरू.

"यल्ले, पोरीला पाज की."

यल्लव्वा निपचित पडली होती. म्हातारीनं हलवलं. मान कलंडली. पोरीच्या ओठाला बोट लावलं, तर पोरगी चोखेना.

आता भीतीनं तिला धरलं. पाचवीची रात. या रातीला सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर लिहून जाते, हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. आणि धर्म बदलला त्या साली घरातली सटवाई तिनंच पदरात बांधून हिरण्यकेशीत सोडली होती. देवीचा टाक पाण्यात बुडताना तिला हसू आलं होतं. त्या हसण्याचा जाब मागायला आता ती आली. पाचवी पुजली नव्हती. पाटा नव्हता, वरवंटा नव्हता, नैवेद्य नव्हता. इतक्या वर्षांत तिनं कुणाला हात जोडले नव्हते. आता जोडले.

"माझा जीव घे. म्हातारीचा घे. पोरीला सोड."

म्हणत उठायला गेली तर गुडघे लुळे. तोंडावर पडली. पडताना दाराचं पोतं तिच्या डोक्यानं बाजूला झालं आणि तोंड बाहेर पावसात आलं. ती तशीच पडून राहिली. गार पाणी नाकातोंडात गेलं. खोकली. डोळ्यापुढचा अंधार सरकला.

मघाशीही असंच झालं होतं. आत ठणका, बाहेर आराम.

ती विचार करू लागली. सटवाई असती तर तिनं नदीत सोडणारीला चिखलातही गाठलं असतं. ही दाराच्या आतच कशी थांबते? आत काय हाय? मी बुजवलेली कोपी हाय. मी ठेवलेला विस्तव हाय.

भीती गेली नाही. उलट वाढली, कारण आता हात जोडायला समोर कुणी नव्हतं. जे केलं ते तिच्याच हातानं.

"आकाऱ्या, धाव. कोयता आण."

तिनं स्वतःच कुडाला हात घातला. प्लास्टिक फाटेना. गुऱ्हाळाकडं थांबलेला आकाराम कोयता घेऊन धावत आला, त्यानं कूड उभा फाडला. वारा आत घुसला, छप्पर कलंडलं, पाणी कोसळलं. दोघांनी यल्लव्वाला ओढून बाहेर काढलं. पोरगी म्हातारीच्या हातात होती, ओल्या फडक्यासारखी. रडेना. म्हातारीनं तिच्या तळपायाला टिचक्या मारल्या, छाती चोळली, तोंडावर फुंकर घातली.

पोरगी शिंकली. मग मांजरासारखं बारीक कण्हली.

आता पोरगी भिजून मरणार होती. शेवंताबाई गुऱ्हाळाकडं निघाली. मागं यल्लव्वाला पाठीवर घेऊन आकाराम.

गणपतराव आडवा आला. "आगं, काहील उतरायला आलीया. घटकाभर थांब."

"थांबत न्हाय."

"गूळ बिघडला तर?"

"बिघडू दे की. मी बसते बघत." तिचे पाय थांबले नाहीत. आकारामच्या हातात अजून कोयता होता. त्यानं तो उगारला नाही, खालीही ठेवला नाही. गणपतराव बाजूला झाला.

चुलवाणाच्या ऊन भिंतीला टेकून यल्लव्वानं डोळे उघडले आणि पुन्हा ओकली. पोरगी पदराखाली चोखू लागली. गुऱ्हाळ तिन्ही बाजूंनी उघडं, गार वारा सुसाट येत होता. गुळव्या भाऊसो काहिलीवरनं उठला आणि एक रिकामं पोतं वाऱ्याच्या बाजूला टांगायला लागला.

"नको, पावणं," शेवंताबाई घाईनं म्हणाली. "राहू दे. वारं येऊ दे."

आणि धूर पत्र्याखालनं बाहेर जातो का, ते बघत ती उजाडेपर्यंत जागी बसली.