टाकी धुणारे हात

सकाळपासून तिनं एकवीस दारं वाजवली होती आणि हातातली पत्रकं जेमतेम चार कमी झाली होती. उन्हानं डोकं उठलं होतं, त्याहून जास्त लोकांच्या गोड बोलण्यानं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘पाण्याच्या टाक्या स्वच्छ धुवून मिळतील.’ खाली फोन नंबर. लोक ते वाचत, दर विचारत, दर ऐकून खूशही होत. मग विचारत, येणार कोण? माझा नवरा आणि मी, असं ती सांगे. समोरचा तिच्याकडे जरा निरखून बघे आणि त्याचा चेहरा बदले. म्हणजे तो पाणबुड्या? बरं बरं, कळवतो हं.

पाणबुड्या हे गल्लीनं तिच्या नवऱ्याला ठेवलेलं नाव. चौदा वर्षं तो गटारांत उतरत होता, कधी गळ्यापर्यंत, कधी त्याहून खोल, आणि लोकांना त्यात गंमत वाटत होती. डॉक्टरांनी मात्र त्याची छाती तपासून सरळ सांगितलं होतं की यापुढे आत उतरलास तर माझ्याकडे येऊ नकोस, माझ्याकडे औषध नाही. त्या दिवशी नवराबायकोनं ठरवलं. दहा घरांनी टाकीचं काम वर्षभरासाठी दिलं की गटार बंद. एवढ्या मोठ्या वस्तीत दहा घरं म्हणजे काही फार मागणं नव्हतं. पण तीन महिने उंबरठे झिजवून एकही घर मिळालं नव्हतं. गटारासाठी मात्र कधी पत्रक वाटावं लागलं नाही. ते गिऱ्हाईक चहा प्यायच्या आधीच फोन करायचं.

बाविसावं दार इतिहासाच्या बाईंचं होतं. बाई आता निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेत तिला त्यांनीच शिकवलं होतं. सगळी माणसं सारखी, हा धडा तिनं त्यांच्याकडूनच घोकला होता आणि त्यात तिला पैकीच्या पैकी मार्क होते. बाईंनी तिला ओळखलं, चौकशी केली, फक्त आत ये म्हणाल्या नाहीत. तिनं दारातच सगळं सांगितलं. टाकीच्या कामाचे बूट वेगळे, ब्रश वेगळे, कपडे वेगळे, डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय नवरा शिडीला हात लावणार नाही.

“मला कळतं गं,” बाई म्हणाल्या. “माझं काही नाही. पण घरातले सगळे ते पाणी पितात. मनाचं काय करायचं?”

आता या मनाला कुठला ब्रश लावायचा, हे तिला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. ती हात हलवत घरी आली आणि उरलेली पत्रकं तिनं पलंगाखाली भिरकावली.

त्याच आठवड्यात ठेकेदार घरी आला. वस्तीतली टाक्यांची सगळी कामं त्याच्याकडे होती, पण मनापासून घासणारी माणसं नव्हती. त्याचं म्हणणं साधं होतं. माझे निळे कपडे घाला, टोपी घाला, डोळ्यांपर्यंत मास्क चढवा आणि तोंड उघडू नका. लोकांना टाकी स्वच्छ हवी, बाकी त्यांना काय करायचंय? ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा मात्र शांतपणे म्हणाला की नाव कुणाचं का असेना, गटार तर सुटतंय. त्याला धाप लागली होती, म्हणून तिनंही निळे कपडे घेतले.

चौथंच काम निघालं ते इतिहासाच्या बाईंच्या गच्चीवर. दोघांनी टाकी उपसली. तळाचा गाळ ताटलीनं खरवडून काढला, कोपरे घासले, फडक्यानं पुसले, औषधाचं पाणी मारून पुन्हा धुतलं. टाकी भरली तेव्हा तळाचा जोड स्पष्ट दिसत होता. बाई ठेकेदाराबरोबर वर आल्या. त्यांनी पेला बुडवून भरला, उजेडात धरून पाहिला आणि सगळा प्यायल्या.

“याला म्हणतात काम,” त्या ठेकेदाराला म्हणाल्या. “मागे ती पाणबुड्याची बायको आली होती विचारायला. सांगा बरं, त्यांच्या हातचं पाणी घशाखाली उतरलं असतं का?”

ठेकेदार हसला. तिनं मास्क खाली ओढला.

“उतरलं की, बाई. आत्ताच उतरलं.”

बाईंनी पेला कठड्यावर ठेवला आणि त्या ठेकेदाराला म्हणाल्या, टाकी रिकामी करा, सगळी. पाणी दोन दिवसांआड येणाऱ्या वस्तीत दोन हजार लिटर काचेसारखं पाणी ठेकेदारानं स्वतःच्या हातानं सोडून दिलं. मग जिन्यातच त्या दोघांकडून निळे कपडे काढून घेतले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ते आपल्या कपड्यांत फाटकाशी आले, तोवर ते सगळं पाणी गल्लीतल्या गटारात घुसलं होतं. गटार आधीच तुंबलेलं. झाकण उचललं गेलं, घाण रस्त्यावर आली आणि उलटी फिरून बाईंच्या न्हाणीघरात शिरली. बाई चपला हातात घेऊन धावत बाहेर आल्या. तिच्या नवऱ्याला पाहून त्यांच्या जिवात जीव आला.

“बरं झालं, तू इथंच आहेस. जरा उतरतोस का रे?”

आवाज अगदी मायेचा होता. आपण काही विचित्र बोलतोय असं त्यांना वाटलंसुद्धा नाही, आणि याचीच तर चीड येते. चौदा वर्षांची सवय, तो खाली वाकून पँटचे पाय दुमडू लागला. त्यानं एक पाय दुमडला, जरा थांबला, मग तो पुन्हा खाली सोडला.

“नाही, बाई. मी टाक्या धुतो.”

“अरे, पण मग उतरणार कोण?”

“ज्यांच्या हातचं पाणी तुम्हाला चालतं, त्यांना उतरवा,” ती म्हणाली.

बाईंनी ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदारानं खिशातून फोन काढला आणि कानाला लावून तो लांब जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दारं वाजवायला घेतली. आता ती दर नंतर सांगते. आधी सांगते की आम्ही गटार उपसणारे, ते आता सोडलंय, तुमची टाकी धुवायची आहे का? बरीच दारं या वाक्याच्या मध्येच मिटतात. नवऱ्याचा फोन रोज सकाळी गटारासाठी वाजतो, तो नाही म्हणतो, आणि घरात दिवस कसे निघतात ते त्यांचं त्यांना माहीत. दहा घरं मिळाली का, असं तुम्ही विचाराल. ते मला इथं लिहिता येत नाही. तुमच्या घरावर टाकी असेलच. ती तुमच्या दाराशी आली की उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.