कोपऱ्यातला चेंडू

माझा धाकटा भाऊ संघाचा कप्तान, म्हणजे हरल्यावर सगळ्यात आधी शिव्या खायचा मान त्याचा. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने हातातोंडाशी आलेली पेनल्टी बारवरून उडवली आणि गोलमागचा अख्खा स्टँड त्याला 'आजोबा' म्हणू लागला. त्या रात्री तो माझ्याकडे जेवायला आला आणि ताटाकडे नुसता बघत बसला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मैदानात त्या लोकांचं काही ऐकायचं नाही, तिकडे बघायचंही नाही. माझी शपथ आहे तुला."

औषध लागू पडलं. पठ्ठ्याने पुन्हा मान वर केली नाही. त्याचा खेळ सुधारला, संघाचं रडगाणं मात्र चालूच राहिलं आणि शेवटच्या सामन्यापर्यंत आमचा जीव टांगणीला लागला.

तळातले दोन संघ खालच्या लीगमध्ये जाणार होते. एक आधीच गेला होता. दुसरे आम्ही की बंदरवाले, एवढंच ठरायचं होतं. बंदरवाले त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर खेळत होते. ते जिंकले नाहीत, तर आम्हाला बरोबरी पुरत होती. ते जिंकले, तर आम्हालाही जिंकणं भाग होतं. खाली गेलो तर भावाचा करार संपला, हे क्लबने त्याला तोंडावर सांगितलं होतं. या वयात त्याला दुसरं कोण घेणार? त्याला फुटबॉलखेरीज साधा खिळाही ठोकता येत नाही.

मी मुद्दाम त्याच स्टँडमध्ये बसले होते, कोण काय बोलतं ते बघायला. शेजारी एक निवृत्त टपालवाला कानाला रेडिओ लावून होता. पलीकडे, मैदानाच्या लांबच्या कडेला असलेल्या बाकावर संघाचा डॉक्टर मोबाइलवर बंदरवाल्यांचा सामना बघून प्रशिक्षकाला खबर देत होता. मोबाइलवरचं चित्र रेडिओच्या बरंच मागे चालतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दोन्हीकडे बरोबरी. आमची जादा मिनिटं सुरू झाली. प्रशिक्षकाने हात खाली दाबत इशारा केला, की झालं, आता वेळ काढा. भावाने चेंडू घेतला, आमच्यासमोरच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेला आणि मैदानाकडे पाठ करून तो पायांत कोंडून उभा राहिला. मागून दोघे त्याच्या पोटऱ्यांवर लाथा घालत होते. हा ढिम्म.

तेवढ्यात टपालवाल्याचा चेहरा उतरला. "बंदरवाल्यांनी मारला," तो म्हणाला. "संपला पण तिकडचा सामना."

क्षणात सगळा स्टँड उभा राहिला. आत टाक, पुढे मार, गोल पाहिजे, असा एकच गलका झाला. माणसं कठड्यावर हात आपटत होती. भाऊ त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होता आणि मान खाली घालून चेंडू राखत होता. वर्षभर असाच आरडाओरडा ऐकलेला. त्याला तो निराळा वाटायचं कारणच नव्हतं.

मी माणसांना ढकलत, पाय तुडवत कठड्यापाशी पोचले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "ढब्ब्या!"

या नावाने त्याला हाक मारणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्याने मान वर केली. मी रडत होते, दोन्ही हातांनी गोलकडे खुणावत होते. त्याने मला पाहिलं आणि तो हसला. ताई आनंदाने वेडी झाली, असं वाटलं असणार त्याला. त्याने मला अंगठा दाखवला आणि चेंडूवर आणखी वाकला. पलीकडे डॉक्टर उठला, प्रशिक्षक वेड्यासारखे हात हलवू लागला. पण भावाची पाठ तिकडे होती.

शिट्टी झाली.

तो धावतच कठड्याशी आला. आजूबाजूला माणसं मटकन खाली बसत होती, पण तिकडे बघायची त्याला सवयच राहिली नव्हती. त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याचे तळवे घामाने निसरडे झाले होते.

"कुणाचं ऐकलं नाही बघ, ताई," तो म्हणाला. "शेवटपर्यंत."

दुसरं कुणी सांगायच्या आत मलाच सांगायला हवं होतं. मी त्याचे हात घट्ट धरले.

"बंदरवाले जिंकले रे," मी म्हणाले.

तो हसतच होता. माझं हे वाक्यसुद्धा त्याने अजून ऐकलं नव्हतं.