तिसरी भिंत

उंद्रीच्या शेषराव तेल्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, उकंडरावांची वाटणी ठरली, ती अंगणात एक तिरपी भिंत घालून. अंगणाच्या कोपऱ्यात दोन जुन्या भिंती काटकोनात भिडलेल्या. पंचांनी त्या दोन्हींवर एकेक खूण केली आणि सांगितलं, ह्या खुणा जोडून सरळ भिंत घाला; भिंतीची जाडी थोरल्याच्या बाजूला. कोपऱ्याकडचा तुकडा शेषरावांना मिळाला. पण त्याच तुकड्यात तेलाचा घाणा होता, आणि घाण्याभोवती चांद्या बैल फिरायचा. नवी भिंत त्याच्या वाटेत आली तर?

"येतेच!" उकंडराव म्हणाले. "आंधळ्यालेही दिसते. उद्या सकाळी गडी येऊन राह्यले. आधी घाणा उपटा, मंग पायवा खणू."

दोरी ताणून पाहावी, तर मधोमध उकंडरावांची कडब्याची गंजी, घराहून उंच. ती फुकटची कोण हलवणार? घाण्याचं खोड तर पुरुषभर खोल गाडलेलं. एकदा उपटलं की तडकलंच. मग करडई कुठे गाळायची, अन् खायचं काय? शेषराव चांद्याला शेवटच्या घाण्याला जुंपून ओट्यावर बसले होते.

त्यांची सून गीता. अमरावतीला कॉलेजात शिकणाऱ्या भावानं सुट्ट्यांमध्ये तिला रेषांची आणि वर्तुळांची भूमिती शिकवली होती. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर भूमितीचं पुस्तकही सासरी आलं आणि सासूबाईंनी, तानुबाईंनी, ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं. "जड आहे, बरं बसते," म्हणाल्या.

दुपारी तिची तान्ही लेक झोळीत निजली, तशी गीतानं सगळी मापं आपल्या हातानं घेतली. मग झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती पाटावर कोळशानं लिहायला बसली. कोपरा म्हणजे शून्य. एका भिंतीवर चोवीस हातांवर खूण, दुसरीवर अठरा हातांवर. त्यांना जोडणारी रेषा: तीन क्ष अधिक चार य बरोबर बहात्तर. घाणा दोन्ही भिंतींपासून सहा-सहा हात. आता घाण्यापासून त्या रेषेवर लंब टाकायचा. मधे गंजी असेना का, पाटावरच्या लंबाला गंजी थोडीच अडवते! सहा त्रिक अठरा, सहा चोक चोवीस, मिळून बेचाळीस. बहात्तरातून गेले, उरले तीस. नऊ आणि सोळा पंचवीस, त्याचं मूळ पाच. तिसाला पाचानं भागलं.

सहा!

"मामाजी," तान्हीला कडेवर आणि पाट हातात घेऊन ती धावतच ओट्यावर सासऱ्यांकडे आली, "चांद्या घाण्यापासून किती हात दूर फिरते?"

"पाच हात असन. काऊन?"

म्हणजे हातभर जागा उरते! तिनं आनंदानं तान्हीला सासऱ्यांच्या हाती दिलं, आणि तिथेच ती थबकली. त्यांचा हात तिच्या हातापेक्षा चांगला मूठभर लांब होता. सहा हात तिचे, पाच हात त्यांचे! गणित बरोबर, पण हातच वेगळे.

 समोर चांद्या आपल्या नादात फिरत होता. पहिल्या भिंतीजवळून गेला, न घासता. दुसऱ्या भिंतीजवळूनही गेला, न घासता. गीता बघत राहिली आणि एकदम हसली. जुन्या दोन्ही भिंती घाण्यापासून सहावर. नवीही सहावर. मग हात कुणाचा का असेना!

"मामाजी, चांद्या ह्या भिंतीले घासते काय?"

"नाही. वीतभर राह्यते."

"अन् त्या भिंतीले?"

"तेवढंच. पोरी, झालं काय तुले?"

"मंग नव्या भिंतीलेही तेवढंच राहीन. तिन्ही भिंती घाण्यापासून सारख्याच दूर हायेत!"

शेषरावांनी पाटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग मांडीवरच्या नातीकडे. उठून ते भावाच्या दारात गेले. "दादा, आधी गंजी हालव."

"सुनेच्या कोळशावर गंजी हालवू बे?"

"दोरीले बैल अडला, तर घाणा मी माह्या हातानं उपटतो."

सकाळी गंजी हलली. खुणेपासून खुणेपर्यंत दोरी ताणली, आणि अर्धी गल्ली अंगणात जमली. शेषरावांनी चांद्याला जुंपलं. पहिली भिंत गेली. दुसरी गेली. दोरीजवळ येताच सगळे माना उंचावून बघू लागले. चांद्या डुलत आला, दोरीला न शिवता पुढे गेला, आणि जाता जाता त्यानं शेपटीचा असा एक फटका दिला की दोरी थरथरत राहिली.

"शेपटीचं मोजलं नव्हतं काय वो?" कुणीतरी ओरडलं, आणि अंगणभर हशा उसळला.

उकंडरावांनी बैल पुन्हा फिरवायला लावला. ह्या वेळी दोरी आणि बैल यांच्यामधे त्यांनी स्वतःची वीत धरली. ती नेमकी बसली.  मग चुन्याची टोपली उचलून त्यांनी शेषरावांपुढे केली.

"सूनबाईले म्हणा, पायव्याची रेघ तिनंच मारावी. माह्या डोळ्याचा आता भरोसा नाही."

गीतानं पदर सावरला, तान्हीला कडेवर घेतलं आणि दोरीच्या कडेनं पांढरी रेघ ओढत गेली, ह्या खुणेपासून त्या खुणेपर्यंत. तान्हीनंही टोपलीत मूठ घातली आणि उकंडरावांच्या अंगणात चुना उधळला.

घरात तानुबाईंनी पुस्तक पुसून भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं, आणि त्या बरणीसाठी दुसरं झाकण शोधत होत्या.