खिशातला कागद

"विश्वास बसणार नाही, आधीच सांगतो," शाळेचा म्हातारा शिपाई म्हणाला. "हा कागद मी एकदा मोठ्यानं वाचला, तर हेडमास्तरांच्या कपाटाचं कुलूप आपोआप उघडलं. किल्ली तेव्हा त्यांच्या बायकोकडे, माहेरी."

पायरीवर बसलेली बाई हसली नाही. ती बांधकामावरून तशीच आली होती. चपलांना सिमेंट, मांडीवर कागदांची पिशवी, शेजारी सहा वर्षांची लेक. खिडकीतल्या कारकुनानं आज तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. जन्मदाखला आणा. पोर जन्मली चालत्या ट्रकमध्ये. दाखला देणार कोण, ट्रक?

"राहू द्या मामा. रोज कुठे खाडा करू? उद्यापासून हीच येईल माझ्याबरोबर विटा उचलायला."

शिपाई गुडघ्यावर हात टेकून उठला. तो कागद भिंतीवर लावायला एका साहेबानं दिला होता, आणि देताना एकदा वाचून दाखवला होता. भिंतीवरून तो कधीच गळला आणि शिपायाच्या खिशात आला, पण त्याला शब्द न् शब्द पाठ होता.

"चला माझ्यामागे. आणि तोंड पाडायचं नाही."

खिडकीशी त्यानं चष्मा चढवला, कागद छातीशी धरला आणि ओळींखालून बोट फिरवत खणखणीत म्हटलं, "वयाचा पुरावा नाही, या कारणावरून कोणत्याही बालकाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही."

"मामा, तुम्ही वाचायला कधी शिकलात?" कारकून म्हणाला.

"तू रांगत होतास तेव्हा. कायदा आहे हा, माझ्या घरचा नाही. पुन्हा वाचू?"

"नको, अख्खी शाळा गोळा होईल." कारकुनानं नाइलाजानं फॉर्म ओढला. "वय?"

"सहा," बाई म्हणाली. पोरीला खिडकीतलं दिसावं म्हणून तिनं तिला कडेवर घेतलं होतं. पोर मात्र शिपायाच्या हातात डोकावत होती.

"मामा, तुमचा कागद उलटा आहे."

"गप गं," आई पुटपुटली.

"शिक्का वर गेलाय. आपल्या सगळ्या कागदांवर खाली असतो."

शिपायाचं बोट ओळीवरच थांबलं. कारकुनानं खिडकीतून हात बाहेर काढून कागद घेतला, फिरवला आणि वाचला. शब्दाला शब्द तोच होता. त्यानं एकदा शिपायाकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग इयत्तेच्या रकान्यात 'पहिली' लिहिलं आणि कागद परत दिला, सरळ.