एकूणात आहे, खोलीत नाही

कालपासून माझी बायको एकूणात आहे, पण घरातल्या एकाही खोलीत नाही.

उंबऱ्यात उभं राहून मोजलं की घरात तिघं भरतात. आत जाऊन मोजावं, तर हॉलमध्ये मी, आतल्या खोलीत आमची लेक मुक्ता, स्वयंपाकघरात कुणी नाही. दोनच. तरी फोडणी बसते, आणि वैजू सगळ्या भिंतींतून विचारते, "अहो, मी कुठंय?" आता काय सांगायचं तिला, कपाळ!

चूक माझीच. मिरजेजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला. कुठल्या विभागात किती माणसं आणि खाली एकूण किती, हा रिपोर्ट मी काढतो. वैजूची पॅकिंगमधून स्टोअरला बदली झाली. जुना विभाग खोडला, नवा कुणी भरलाच नाही. म्हणून यादीत बिननावाची एक ओळ आली. माणसं : एक. मगदूम साहेबांना मिटिंगमध्ये असलं खपत नाही. मी नेहमीसारखी त्या ओळीपुढची 'दाखवा'ची टिक काढली. ओळ गेली. एकूण तेवढंच राहिलं.

आज सकाळी तिचा आवाज गल्लीभर पसरून पातळ झाला होता. मी धावत ऑफिस गाठलं आणि टिक परत लावली.

लगेच मुक्ताचा फोन. "बाबा, घरात एक दार जास्त आलंय. आई आत बसलीय!"

"बाहेर घे तिला!"

"उंबऱ्याबाहेर पाय टाकला की दिसेनाशी होते. मीच आत जाते."

"नको गं, थांब तिथंच!"

पडद्यावर बिननावाच्या ओळीत एकाचे दोन झाले.

"ही ओळ परत कुणी आणली?" मगदूम साहेब मागे उभे होते. "अकराला मिटिंग आहे."

मी त्यांचं मनगट धरलं. "साहेब, पाया पडतो. वैजूचा विभाग आधी भरा. माझी माणसं आहेत त्यात."

"अहो, एकूणात आहेत ना? मग कशाला जीव काढताय?" त्यांनी हात सोडवून घेतला आणि टिक काढली.

फोन कट झाला. मी तो टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा," मुक्ता म्हणाली, पंख्यातून, खुर्च्यांतून, साहेबांच्या चहाच्या कपातून, "मी कुठंय?"