इंजिनासाठी घोडा

अंगणात मोडलेल्या रहाटाचे चार सागवानी खांब होते, सहा इंच चौरस. एक बुडाशी वाळवीने खाल्ला होता. तेवढा कापला तर साडेचार फूट उरत होता. रहाटाचा लोखंडी आस होता, दीड इंच जाड. अर्धा इंच जाडीच्या दोन लोखंडी पाट्या. बोल्ट सव्वीस, त्यांतल्या सातांचे आटे गेलेले. रेल्वेचे दोन जुने स्लीपर. आणि चिंचेखाली, फळ्यांवर, चार सिलिंडरचं एक डिझेल इंजिन. मिठागराच्या काट्यावर त्याचं वजन साडेनऊ मण भरलं होतं.

स्लीपर मी मोजले, पण ते वापरायचे नव्हते. गेल्या वर्षी याच दोन स्लीपरांवर इंजिन ठेवून मार्सेल खालून बेअरिंग काढत होता. इंजिन कलंडलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून तुटला. मार्सेल म्हणजे माझ्या बहिणीचा, क्लाराचा नवरा. त्याचा चुलतभाऊ सॅन्टन याच्याकडे एक ट्रक होता. वसईतल्या पापडी गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली केळी आणि मिठागरांतलं मीठ तो स्टेशनपर्यंत नेई. ट्रक पूर्वी मार्सेल चालवायचा आणि दुरुस्तही करायचा. आता चालवायला दुसरा माणूस होता. उरली होती ती दुरुस्ती.

ती १९५३ सालची गोष्ट. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि नोकरीच्या उत्तरांची वाट पाहत बहिणीकडे राहिलो होतो.

सॅन्टन वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं, "मार्सेल, इंजिनाचं वरचं हेड तू बसून काढशील. पण पिस्टन काढायला इंजिन उलटं करावं लागतं. ते कोण करणार? दर वेळी मी चार माणसं आणू? आणि पुन्हा काही झालं, तर मी क्लाराला तोंड कसं दाखवू?"

"चार माणसं नकोत," मार्सेल म्हणाला. "मी एकटा फिरवीन. स्टुलावर बसून."

"फिरवून दाखव. रविवारी चर्चमधला मिस्सा संपला की येतो. जमलं तर इंजिन इथंच राहील, आजही आणि पुढेही. नाही जमलं तर सोमवारी मुंबईच्या कारखान्यात जाईल."

म्हणून घोडा करायचा होता. सुतार लाकूड कापताना ज्यावर ठेवतो तोही घोडाच. हा फक्त लोखंडाचं ओझं पेलणारा. दोन्ही टोकांना दोन-दोन खांबांची कैची, मध्ये इंजिन, आणि ते आडव्या आसावर फिरतं. काम आग्नेल सुताराने घेतलं. वसईतले कितीतरी रहाट त्याने उभे केले होते आणि आता विहिरींवर पंप आल्यावर तोच ते उतरवत होता.

"उभा करायला आठ दिवस लागायचे," तो मला म्हणाला, "आणि मोडायला दुपार. मोडण्याच्या धंद्यात बरकत आहे, इनास."

"कुबडीही तूच केलीस ना याची?" क्लारा चहा देताना म्हणाली. "ती डगमगते."

"कुबडी नाही डगमगत गं, तुझा नवरा डगमगतो."

मार्सेल हसला. त्या आठवड्यात तो बराच हसत होता आणि जेवत कमी होता.

खांबांना भार पेलेल का, हे मी काढलं. सागाच्या ताकदीचा आकडा माझ्या पुस्तकात होता. पेलणार होता, आणि बराच उरणार होता. आसाची जागा कुठे घ्यायची, यावर चर्चाच झाली नाही. आग्नेल म्हणाला, "चाक आपल्या आसाभोवती फिरतं. इंजिनाचा आस कुठला? क्रँक." मार्सेलने मान हलवली. मीही हलवली. आमच्यातला प्रत्येक जण रहाट बघत वाढला होता. लोहाराने आसाचे दोन तुकडे करून पाट्यांना जोडून दिले, क्रँकच्या नेमक्या रेषेत. बाभळीच्या ठोकळ्यांत खोबणी कोरून, वंगण भरून, आम्ही ते कैच्यांच्या आडव्या लाकडांवर बसवले. एका टोकाला दोन फुटांचा दांडा लावला.

शनिवारी सकाळी साखळी-कप्पीने इंजिन उचलून घोड्यात बसवलं. साखळी सैल केली. खांब कुरकुरले नाहीत. मी दोरी ताणून पाहिलं. आडवं लाकूड जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाकलं होतं.

"बघू," मार्सेल म्हणाला. स्टुलावर बसून त्याने दांडा धरला आणि इंजिन फिरू नये म्हणून अडकवलेली खुंटी काढली.

इंजिन किंचित कललं, आणि मग एकदम कोसळल्यासारखं फिरलं. दांडा त्याच्या हातातून सुटून गेला. तो मागे झुकला म्हणून वाचला, पण स्टूल उलटलं. इंजिन डोकं खाली करून दोनदा झुललं आणि थांबलं.

क्लारा धावत आली. मार्सेल जमिनीवर बसला होता, कुठे लागलं नव्हतं. "काही नाही," तो म्हणाला. "काही नाही झालं." पण तो दोन्ही हातांनी उजव्या पायाचं उरलेलं टोक दाबून बसला होता आणि सोडत नव्हता.

इंजिन परत वर करायला मी आणि आग्नेल दांड्याला लोंबकळलो. अर्ध्यावरून ते आम्हाला घेऊन खाली आलं.

"बास करा," क्लारा म्हणाली. "जाऊ दे ते मुंबईला."

मग आग्नेलने इंजिनाच्या वरच्या भागावर, म्हणजे आता खाली असलेल्या भागावर, थाप मारली. "हे म्हणजे रहाटाच्या भरलेल्या मडक्यांची बाजू झाली. ती खालीच येणार."

तेच होतं. जड भाग क्रँकच्या वर होता. मी अंदाज केला: वजनाचा मध्य आसापासून पाच इंच दूर असेल, तर दोन फुटी दांड्यावर एकशे साठ पौंड जोर लागतो. आस त्या मध्यातूनच गेला पाहिजे. आणि मध्य शोधण्याची रीत सोपी आहे. वस्तू एका जागी टांगायची, टांगलेल्या जागेतून ओळंबा सोडायचा, खडूने रेघ मारायची. मग दुसऱ्या जागी टांगून दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे मध्य.

"टांगू या," मी म्हणालो.

"असंच नको," मार्सेल म्हणाला. पडल्यानंतर तो पहिल्यांदाच उठून कुबडीवर आला होता. "उलटं करायचं ते पिस्टनसाठी. तेव्हा हेड निघालेलं असतं. तेलही काढलेलं असतं. हेड असताना मध्य शोधून काय उपयोग? मला ते रिकामं फिरवायचंय."

क्लाराने त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन तिने विड्याच्या पानांचा डबा आणून कठड्यावर ठेवला आणि बोल्ट त्यात टाकायला सांगितलं, नाहीतर कोंबड्या पांगवतील म्हणून.

हेड त्याने स्टुलावर बसूनच काढलं. उरलेलं इंजिन आठ मण भरलं. आग्नेलचा ओळंबा घेऊन आम्ही ते दोनदा चिंचेला टांगलं आणि खात्रीसाठी तिसऱ्यांदा. तिसरी रेघ पहिल्या दोन्हींच्या छेदाजवळून, एक सूत बाजूने गेली. मध्य क्रँकच्या साडेतीन इंच वर होता.

"एक सुताचं काय?" मी विचारलं.

"एक सूत मी रहाटातही सोडतो," आग्नेल म्हणाला. "देवानेही कुठेतरी सोडलं असेल."

पाट्यांना साडेतीन इंच सरकवून नवी भोकं पाडायची होती. अर्धा इंच लोखंड, हाताचं सामतं. आग्नेल आणि मी आळीपाळीने फिरवलं. मार्सेल तेल सोडत होता आणि आम्ही वाकडे जायला लागलो की शिव्या देत होता. संध्याकाळची घंटा झाली तेव्हा शेवटचं भोक झालं. इंजिन बसवलं, खुंटी घातली. फिरवून बघायचं का, असं मी विचारलं.

"उद्या," मार्सेल म्हणाला. "सॅन्टनसमोर. दोनदा पडायची माझी तयारी नाही."

रविवारी मिस्सा संपल्यावर सॅन्टन चर्चच्या कपड्यांतच आला. कोट त्याने चिंचेच्या खुंटाला अडकवला आणि घोड्याभोवती एक फेरी मारली. खांब हलवून पाहिले.

मार्सेल स्टुलावर बसला. क्लारा स्टुलाच्या मागे येऊन उभी राहिली. "बाजूला हो," तो म्हणाला. ती झाली नाही. त्याने खुंटी काढली.

इंजिन जागचं हललं नाही. त्याने दांडा ओढला. इंजिन कललं, आणि जिथवर ओढलं तिथेच थांबलं. आणखी ओढलं. आडवं झालं, तिथेही थांबलं. त्याने दांडा सोडून हात वर करून दाखवले. मग पुन्हा धरून ते पूर्ण उलटं केलं. क्रँकची बेअरिंगं त्याच्या छातीसमोर आली. त्याने बसल्या जागी पाना लावून पाहिला.

"दात-ओठ खाऊन कुणीही एकदा ओढेल," सॅन्टन म्हणाला. "मला ठाऊक आहे तुझा हट्ट. दिवसभर बसून किती जोर लावशील, ते सांग."

"वीस पौंड," मार्सेल म्हणाला. "जास्त नाही सांगत."

सॅन्टनने ट्रकमधून केळीचे घड वजन करायचा स्प्रिंगचा काटा आणला. हूक दांड्याच्या टोकाला अडकवला आणि मला म्हणाला, "तू वाच, इनास. तू कुणाच्या बाजूने वाचणार नाहीस." त्याने स्वतः काटा ओढला. इंजिन उलट्याचं सुलट होईपर्यंत मी आकडा पाहत राहिलो. तो सर्वांत पुढे गेला तेव्हा साडेसात पौंड होता.