एकोणीस सत्ते

"आत्ती, एकोणतिसाचा म्हणा की. मावशींना ऐकायचाय," सुवर्णा सासूच्या कानाशी वाकून म्हणाली. निपाणीहून बघायला आलेल्या मावशी बिस्किटांचा पुडा मांडीवर धरून टक लावून बसल्या होत्या.

रेडेकर बाईंना म्हणायचं होतं, आज नको. तोंडातून निघालं, "परात."

"असंच होतंय बघा. काय पण म्हणायचं असू दे, परातच. आता ऐका हं. एकोणतीस एके…"

तेवढं पुरलं. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," बाईंची जीभ सुटली ती खणखणीत, एक अक्षर न चुकता, थेट दाहेपर्यंत. मग पुन्हा सगळं गप्प.

"अगं बया!" मावशींनी टाळ्या वाजवल्या. "सुनेचं नाव घ्यायला येत न्हाई आन् हे येतंय? नवलच म्हणायचं!"

बाईंनी मान भिंतीकडे वळवली. सुवर्णाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. सासूचं काहीतरी शाबूत आहे हे ती लोकांना अभिमानानं दाखवत होती. पण पोपटाला पेरू दाखवून बोलतं करावं, तसं रोज कुणी ना कुणी येऊन बोलतं करत होतं.

मालन रेडेकर म्हणजे गडहिंग्लज भागातल्या अर्ध्या लोकांच्या बाई. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि निवृत्तीनंतर घराच्या सोप्यात संध्याकाळचा वर्ग काढला. अकरा ते तीस एवढेच पाढे. बाकीचं शाळेनं बघावं. पाढा कानातून आत जातो, असं त्यांचं ठाम मत. त्यांचा आवाज चार घरं ओलांडायचा आणि मागोमाग पोरांचा. मग उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालू लागला आणि बोलणं गेलं ते गेलंच. आईबापांनी पोरांना दुसरीकडे घातलं. त्यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नव्हतं.

कोल्हापूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सुवर्णाला समजावलं होतं, "हे बोलणं नव्हे, सवय आहे. आरत्या, पाढे, शिव्या राहतात. पण ते मधून सुरू करता येत नाही आणि सुरू झालं की थांबवता येत नाही. फार आशा धरू नका."

"शिव्या आत्तींना आधीपासून येत न्हाईत," सुवर्णा म्हणाली होती.

रेडेकर बाई शेजारीच बसलेल्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं.

मावशी गेल्या त्याच संध्याकाळी आफरीन आली. मागच्या गल्लीतल्या बांगडीवाल्यांची पोर, चौथीतली. घरी पाळण्यातला भाऊ रडायचा, म्हणून ती पूर्वीपासून अभ्यासाला इथेच बसायची. वर्ग बंद झाला हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

"बाई, आज गुरुजींनी पुन्हा हुबं केलं," तिनं दप्तर टाकत सांगितलं. "एकोणीस सकला माझी गाडी घसरतीया. एकशे सोळा म्हटलं मी. सगळी हसली."

बाईंचा जीव कळवळला. चौदोदरसे, चौदोदरसे! "परात!" त्या ओरडल्या.

"परात न्हाई हो, पाढा," आफरीन शांतपणे म्हणाली. "मी म्हणू? एकोणीस एके एकोणीस…"

झालं. बाईंची जीभ पळाली. दुणे अडतीस, त्रिक सत्तावन्न, चोक शहात्तर, पाचा पंच्याण्णव, सक चौदोदरसे, आणि पोरीला दम घ्यायला वेळ न देता पार शेवटाला.

"चौदोदरसे म्हंजे वं? एकशे चौदा?" आफरीन बोटांवर मोजत म्हणाली. "पण बाई, तुमीच सगळा म्हटलासा. मग मी काय म्हणू?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. उत्तर शिक्षकानं सांगून टाकलं तर पोरानं काय करायचं? इतकी वर्षं आपण मोठ्या आवाजात सगळं सांगूनच टाकत होतो की काय, अशी शंकाही बाईंना चाटून गेली. पण शंकेत रमायचा त्यांचा स्वभाव नव्हता. थांबायला शिकायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून सुवर्णा भाकऱ्या थापत असताना त्या मोरीच्या कट्ट्यावर बसून मनातल्या मनात पाढा सुरू करायच्या आणि मधेच ओठ दाताखाली धरायच्या. पाढा ओठ फोडून बाहेर पडायचा. डाव्या हातानं तोंड दाबलं, तर नाकातून हुंकारत पुढे जायचा.

"आत्ती, काय होतंय? दाढ दुखतीया?" सुवर्णा घाबरून विचारायची.

"परात," बाई चिडून म्हणायच्या. सुवर्णा परात उचलून त्यांच्यापुढे ठेवायची. एकदा दोघींना त्याचं हसू आलं, आणि झटक्यानंतर त्या पहिल्यांदाच एकत्र हसल्या.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. आफरीननं सुरुवात करून दिली, बाईंनी पाढा उचलला. पाचा पंच्याण्णव. सक चौदोदरसे. "एकोणीस सत्ते," आणि बाईंनी जबडा आवळला. मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पुढचा शब्द टाळूला येऊन थडकला आणि तिथेच राहिला.

आफरीननं वर बघितलं. बाईंनी डावी भुवई उचलली. सांग, आता तुझी पाळी.

"थांबा हं." पोरगी पुटपुटली. "चौदामंदी एकोणीस… म्हंजे वीस घालून एक काढायचा… तेहेतीस. एकशे तेहेतीस!"

बाईंनी मान हलवली आणि श्वास सोडला. पोरीच्या उत्तराचा धागा धरून "एकोणीस अठ्ठे," म्हणून पुन्हा थांबल्या. या वेळी थोडं सोपं गेलं.

सुवर्णा पिठाच्या हातानं दारात उभी होती. इतक्यात फाटकाशी सरपंचांचे मेहुणे आले, सोबत आणखी कुणी. "वैनी, बाईंचा तो पाढा ऐकवा की यांना. मुद्दाम आणलंय."

"आता न्हाई जमायचं," सुवर्णा म्हणाली. "त्या शिकवायल्यात."

"शिकवायल्यात? आन् बोलतात कशा?"

"पायरीवर बसा. वर्ग सुटला की चहा देते."

दोघे मुकाट्यानं बसले.

आफरीननं पाटीवर आता विसाचा पाढा सोडून थेट तेविसाचा मांडायला घेतला होता. गुळगुळीत फरशीवर पाटी सारखी सरकत होती. तिनं इकडेतिकडे बघितलं, बाईंच्या मांडीवरचा निर्जीव उजवा हात दोन्ही हातांनी उचलला, पाटीच्या कडेवर नीट ठेवला आणि वजन पुरतंय की नाही ते एकदा हलवून बघितलं.

मग ती लिहू लागली. बाईंनी हात तसाच राहू दिला.